एक्सपायर्ड रोल: तारीख नंतर बघू, आधी डबा कुठे होता ते सांगा

प्रश्न नेरूळहून आलाय, थोडक्यात असा. नौपाड्यात काकांचा फोटो स्टुडिओ होता, तो गाळा रिकामा करताना एका पत्र्याच्या डब्यात जुने रोल सापडले. कोडॅक गोल्ड २०० चे ११, बॉक्सवर तारखा २००५ आणि २००६ च्या. ऑर्वो एनपी २२ ब्लॅक अँड व्हाइटचे ३, ऐंशीच्या दशकातले. फुजीची एक स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी सरळ चित्र येतं ती. आणि एक कलर रोल ज्याचा लीडर, म्हणजे बाहेर लोंबणारं टोक, आत गेलाय, म्हणजे काढलेला पण न धुतलेला. पुढच्या महिन्यात मुलीचं बारसं आहे, ते ह्या रोलवर काढू का, आणि बाकीचे कुठे ठेवू?

बारशाचं आधी सांगतो, नको. निदान फक्त ह्या रोलवर तरी नको. तुमच्या २०० च्या रोलचा आज खरा स्पीड (उजेड पकडायची ताकद) ५० च्या आसपास राहिला असेल, कदाचित त्याहून कमी, आणि बारसं घरात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात होणार, तिथे ५० स्पीडवर फ्लॅशशिवाय काही हातात येत नाही. आत्याने कानात कुर्र केलं ते परत करायला सांगता येत नाही हो. मोबाइलवर काढा, डिजिटलवर काढा, फिल्मच हवी असेल तर ४०० चा एक ताजा रोल आणा. जुने रोल त्यानंतर निवांत वापरा, ते कुठे पळून जात नाहीयेत.

आता मुद्द्याचं. मी १९९१ पासून ठाण्यात हेच करतोय, आधी डार्करूममध्ये हाताखाली, मग लग्नं, आणि ह्या सगळ्या वर्षांत जुने रोल घेऊन येणारा प्रत्येक माणूस मला तारीख सांगतो. मी विचारतो डबा कुठे होता. बॉक्सवरच्या तारखेचा अर्थ एवढाच की कंपनी म्हणते त्या तापमानात ठेवलात तर तोपर्यंत स्पीड आणि रंग आम्ही सांगितले तसे मिळतील. त्या दिवशी रोल मरत नाही. माझ्याकडे एकाच बॅचचे दोन गोल्ड होते, एक फ्रीजमध्ये राहिला, एक चुकून माळ्यावरच्या बॅगेत गेला, स्लॅबच्या बरोबर खाली. बारा वर्षांनी दोन्ही एकाच दिवशी येऊरला काढले. फ्रीजमधला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त दिला तर जवळजवळ नव्यासारखा आला, माळ्यावरच्याला तीन स्टॉप देऊनही सावल्यांमध्ये नुसता हिरवट चिखल. तारीख दोघांवर एकच होती.

म्हणून तुमच्या काकांना किंवा तिथे कामाला असलेल्या कोणाला आधी हे विचारा, की डबा एसीच्या खोलीत होता, काउंटरखाली होता, का पोटमाळ्यावर? वर पत्रा होता का? भिंत पश्चिमेची होती का? मे महिन्यात ठाण्यात बंद गाळ्याचा पोटमाळा किती तापतो ते तिथे दहा मिनिटं उभं राहिलेल्याला सांगायला नको, आणि तुमच्या रोलने असे वीस उन्हाळे काढलेत.

आत काय होतं ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फिल्मवर जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात, उजेड पडला की त्यातले काही कण 'जागे' होतात आणि डेव्हलपर त्यांनाच काळं करतो. उष्णतेने काही कण उजेड न पडताच जागे होतात, डेव्हलपरला फरक कळत नाही, तो त्यांनाही काळं करतो. ह्यालाच फॉग म्हणतात. सगळ्या फिल्मवर एकसारखा करडा पडदा येतो आणि सावल्यांमधला हलका तपशील त्याच्याखाली दबून जातो. विसर्जनाच्या दिवशी तलावपाळीवर ढोलताशा चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं ना, तसंच आहे हे. फॉग म्हणजे तो ढोल, आणि जास्त एक्सपोजर म्हणजे आपलं ओरडणं. ढोल थांबवता येत नाही, आवाज चढवता येतो. शिवाय कलर फिल्ममध्ये लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे वेगवेगळे थर असतात आणि ते एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत, त्यामुळे सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याच रंगाकडे, म्हणून स्कॅननंतर एक स्लायडर सरकवून सगळं दुरुस्त होत नाही.

उष्णतेशिवाय अजून एक गोष्ट आहे, आकाशातून आणि जमिनीतून सतत थोडं नैसर्गिक रेडिएशन येत असतं, ते फ्रीज अडवत नाही. जास्त स्पीडच्या फिल्मला ते जास्त लागतं. म्हणून १६०० किंवा ३२०० चा जुना रोल कोणी फुकट दिला तरी मी घेत नाही, आणि ५० किंवा १०० चा तीस वर्षं जुना असला तरी घेतो.

आता किती जास्त द्यायचं. कलर निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप हा ढोबळ हिशोब सगळे वापरतात आणि सुरुवात म्हणून तो बरा आहे. तुमच्या गोल्डला वीस वर्षं म्हणजे दोन स्टॉप, २०० चे ५०, कॅमेऱ्याची डायल ५० वर ठेवा आणि मीटर सांगेल तसं काढा. मीटर नसेल तर कडक उन्हात एफ १६ ला १/६०, मोकळ्या सावलीत एफ ५.६ ला १/६०. कलर निगेटिव्हला एखादा स्टॉप जास्त झाला तर ती सहन करते, कमी झाला तर अजिबात नाही, म्हणून शंका आली की जास्तच द्या. ऑटोमॅटिक छोटा कॅमेरा असेल तर तो रोलच्या पत्र्याच्या डबीवरच्या रुपेरी-काळ्या चौकोनांवरून, म्हणजे डीएक्स कोडवरून, स्पीड वाचतो आणि तुम्हाला डायल मिळत नाही. अशा वेळी ते चौकोन चिकटपट्टीने पूर्ण झाका, बहुतेक कॅमेरे मग १०० धरतात, एक स्टॉप तर मिळतो.

एक चूक मात्र फार होते. लोक रोल बॉक्सच्या स्पीडवर काढतात आणि लॅबला सांगतात दोन स्टॉप पुश करा. पुश म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ, आणि जास्त वेळ म्हणजे फॉगही जास्त काळा. एक्सपोजर कॅमेऱ्यात वाढवायचं, लॅबला 'नॉर्मल डेव्हलप' एवढंच सांगायचं.

तुमच्याकडे ११ आहेत ही चांगली गोष्ट आहे, कारण एक बळी देता येतो. बॉक्सवर इमल्शन नंबर, म्हणजे बॅचचा नंबर, छापलेला असतो, तो बघून रोल वेगळे करा, २००५ वाले वेगळे, २००६ वाले वेगळे. २००५ मधला एक घ्या. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात ज्वेल ऑफ नवी मुंबईला किंवा पाम बीच रोडच्या बाजूला जा, आणि अशी जागा शोधा जिथे राखाडी सिमेंटची भिंत, थोडी गडद सावली आणि एखादा माणूस एकाच फ्रेममध्ये येतील. तीच फ्रेम २०० वर, १०० वर, ५० वर, २५ वर काढा, वहीत क्रमाने लिहा. मग दुसऱ्या जागी तेच. सिमेंट एवढ्यासाठी की ते खरंच राखाडी असतं, स्कॅनमध्ये ते जांभळं दिसलं की रोल किती झुकलाय ते लगेच कळतं. फ्लेमिंगोंवर टेस्ट करू नका, ते मुळातच गुलाबी, रंग पक्ष्याचा का रोलचा ते कळणार नाही. पूर्ण रोल वाया घालवायचा नसेल तर बाकीच्या फ्रेम घरच्यांवर ५० ने काढा. हा रोल धुऊन येईपर्यंत बाकीच्या दहांना हात लावू नका.

ऑर्वोचं वेगळं आहे आणि मला त्यांच्याबद्दल जास्त जिव्हाळा आहे, कारण माझं सगळं शिकणं त्यावर झालं. पूर्व जर्मनीत वोल्फेनला बनायची ही फिल्म, आपल्याकडे गल्लीगल्लीत मिळायची, स्टुडिओवाले ती आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू हेच जास्त वापरायचे. नावातला आकडा डिन ह्या जर्मन मापातला स्पीड आहे, २२ म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यात (एएसए) १२५. ब्लॅक अँड व्हाइट कलरपेक्षा सावकाश म्हातारी होते, तरी चाळीस वर्षांना मी ३२ पासून सुरुवात करेन. पण काढायच्या आधी तिची एक परीक्षा घरच्या घरी होते, ती करा.

रात्री बाथरूममध्ये दिवे घालवा, दाराखाली जाड टॉवेल दाबा, पाच मिनिटं बसून बघा कुठून उजेड येतोय का. मग अंधारातच रोलचा लीडर थोडा ओढून टाका, कारण त्याला उजेड लागलेला असतो, आणि त्यापुढचे दोन-दोन इंचांचे दोन तुकडे कापा, रोल परत डबीत आणि झाकणबंद. एक तुकडा डेव्हलप करून फिक्सरमध्ये (काळे न झालेले कण काढून टाकणारं केमिकल), दुसरा नुसता फिक्सरमध्ये. धुऊन वाळल्यावर दोन्ही शेजारी शेजारी पेपरातल्या छोट्या जाहिरातींवर ठेवा. नुसता फिक्स केलेला म्हणजे कोरा पाया. डेव्हलप केलेल्यातून ती बारीक अक्षरं करडी का होईना पण वाचता आली, तर रोल वापरण्यासारखा आहे. अक्षरं हरवली तर फॉग फार आहे, त्या रोलवर कॅमेऱ्यातले सेटिंग शिका, फोटोची आशा ठेवू नका. आणि ह्याच वेळी तुकडा नाकाजवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर आतली अॅसिटेटची पट्टीच कुजायला लागलीये, तो रोल बाकीच्यांपासून लगेच लांब ठेवा.

डेव्हलपर एचसी-११० घ्या, जुन्या फिल्मवर तो फॉग कमी ठेवतो, असा माझा आणि बऱ्याच जणांचा अनुभव. डी-७६ चालतो पण फॉग थोडा जास्त येतो. पोटॅशियम ब्रोमाइड किंवा बेंझोट्रायझोल घालून फॉग दाबता येतो, पण त्याने स्पीडही अजून खाली जातो, म्हणून पहिल्या रोलला नको. खरी काळजी पाण्याची घ्या. ब्लॅक अँड व्हाइटचं प्रमाण तापमान २० अंश, आणि मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी सहज तिशीच्या वर असतं. परातीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात केमिकलच्या बाटल्या उभ्या करा, आणि डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी ह्यात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, जुन्या फिल्मचं जिलेटिन मऊ असतं, थंडातून एकदम गरम पाण्यात गेलं की सुरकुततं. आणि कृपा करून ऑर्वो कलर लॅबला देऊ नका. मी एकदा दिली होती, पाकिटावर मोठ्या अक्षरात ब्लॅक अँड व्हाइट लिहून, काउंटरवरच्याने तरी ती सी-४१ च्या, म्हणजे कलर निगेटिव्हच्या प्रोसेसच्या, मशीनमध्ये घातली. त्या प्रोसेसमधलं ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी धुवून नेतात, कलर फिल्ममध्ये मागे डाय (रंग) उरतो, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काहीच उरत नाही. ३६ फ्रेमची कोरी पट्टी हातात आली. उपवनला काढलेले फोटो होते, माझे वडील होते त्यात.

स्लाइडला जास्त एक्सपोजरचा नियम लावू नका, तिथे गणित उलटं आहे. स्लाइडमध्ये फॉग झालेले कण पहिल्याच डेव्हलपरमध्ये खर्च होतात, त्यामुळे काळा रंग काळा न राहता धुरकट होतो, आणि त्यात तुम्ही एक्सपोजर वाढवलंत तर उजळ भागही उडून जातो. बॉक्सचा स्पीड किंवा फार तर अर्धा स्टॉप, बस. बॉक्सवर ई-६ (स्लाइडची प्रोसेस) लिहिलंय ना बघा, फुजीची आहे म्हणजे असणारच. कधी चोरबाजारात कोडाक्रोम, कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, मिळाली तर लक्षात ठेवा, तिची के-१४ प्रोसेस करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती आणि तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं, आता ती फक्त ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुता येते. तसंच सिनेमाच्या शूटिंगमधून उरलेले तुकडे डब्यांत भरून विकतात, त्यांच्या पाठीवर बहुतेक वेळा रेमजेट नावाचा काळा थर असतो, तो न काढता साध्या लॅबला दिलात तर त्यांचं मशीन खराब होतं, विचारून मगच घ्या.

ठेवायचं कसं. आपल्याकडे शत्रू दोन आहेत, उष्णता आणि दमट हवा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. नुसता फ्रीज दिला तर दमटपणा राहतो, नुसती सिलिका जेल दिली तर उष्णता राहते. मी असं करतो: रोल त्याच्या प्लास्टिकच्या डबीतच, डबीचं झाकण नीट दाबलेलं, अशा सहा-सात डब्या एका झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढलेली, आत सिलिका जेलची पुडी, आणि पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. मेंटेनन्ससाठी चार तास लाइट गेली तरी अशा डब्यात आतलं तापमान एकदम चढत नाही. डबा फ्रीजच्या दारात नको, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, भाजीच्या ड्रॉवरमध्ये पण नको, तिथे सगळ्यात जास्त ओल. मधल्या फळीवर मागच्या बाजूला. वर्षभरात वापरणार असाल तर फ्रीज पुरे, वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर फ्रीझर, उणे १८ च्या आसपास. १२० च्या, म्हणजे मागे कागद असलेल्या मोठ्या रोलची फॉइल फोडलेली असेल तर जास्त जपा, ओल लागली की मागच्या कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात. इन्स्टॅक्स वगैरे इन्स्टंट फिल्म फ्रीझरमध्ये कधीच नाही, आतली केमिकलची पेस्ट बिघडते.

सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते, फक्त खाण्याच्या भांड्यात तापवू नका. आणि डांबरगोळ्या. आपल्या घरातल्या कपाटात त्या असतातच, साड्यांच्या घडीत, आणि लोक कौतुकाने रोलच्या डब्यातही टाकतात. त्यांची वाफ फिल्मला बाधते. ताजा रंग, नवीन प्लायवुडचं फर्निचर, त्यांच्या वासाचंही तेच. तुमच्या पत्र्याच्या डब्याचा वास घेऊन बघा, डांबरगोळीचा येतोय का.

आणि फ्रीजमधून काढल्यावर लगेच डबी उघडायची नाही. पावसाळ्यात गार पाण्याचा स्टीलचा पेला बाहेर ठेवला की मिनिटात त्याला घाम फुटतो, तोच घाम फिल्मला फुटतो. २००७ च्या जुलैत मी घाईत रोल फ्रीजमधून काढून सरळ कॅमेऱ्यात भरला, धुतल्यावर पहिल्या आठ-नऊ फ्रेमवर थेंबांचे गोल डाग, त्यातला एक तर नवरीच्या कपाळावरच. तेव्हापासून नियम, फ्रीजमधला रोल बंद डबीत तीन तास बाहेर, फ्रीझरमधला आदल्या रात्री काढायचा. डबी बंद असेल तर घाम डबीच्या बाहेर येतो, तो पुसून टाकायचा. एकदा कॅमेऱ्यात भरला की पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या आत संपवा आणि धुवायला द्या, निम्मा रोल भरून गणपतीपर्यंत कॅमेऱ्यात ठेवला तर फ्रीजमध्ये जपल्याचा काही उपयोग नाही.

शेवटी तो लीडर आत गेलेला रोल. तुम्ही प्रश्नात त्याला शेवटी टाकलंत, मी असतो तर तो पहिला हातात घेतला असता. कोरी फिल्म थांबू शकते, काढलेली थांबत नाही, त्यावरची न धुतलेली प्रतिमा दर उन्हाळ्याला थोडी पुसट होत जाते. म्हणून आधी तो आजच फ्रीजमध्ये वर सांगितलं तसा बंद करा. पण लॅबला मात्र टेस्टच्या गोल्डनंतर द्या, म्हणजे लॅब जुनी फिल्म कशी हाताळते, स्कॅन कसं करते ते आधी कळेल. डबीवर सी-४१ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर कलरमध्येच धुवा, रंग बिघडलेले येतील पण माणसं ओळखू येतील. रंगांची आशाच नसेल तर तो ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्येही धुता येतो, प्रतिमा येते, पण मग रंग कायमचे गेले, म्हणून हा निर्णय काकांना विचारून घ्या.

आमच्या कळव्याच्या शेजारच्या काकूंनी २०१९ मध्ये असाच एक रोल आणला होता, काका गेल्यावर त्यांच्या बॅगेत मिळालेला, साधारण १९९८ चा. मी तो माझ्या ओळखीच्या लॅबवाल्यासमोर उभा राहून धुवून घेतला. ३६ मधल्या २१ फ्रेमवर काहीतरी होतं, सगळं हिरवट, दाणेदार. त्यात कोपिनेश्वरच्या बाहेर काकू उभ्या होत्या, हातात नारळ, आणि चेहऱ्यापेक्षा त्यांच्या साडीचा काठ जास्त स्पष्ट होता. काकूंनी काठावरूनच साडी ओळखली, म्हणाल्या ही माझ्या मोठ्या बहिणीने दिलेली.

तुमचा रोल देताना पाकिटावर एवढं लिहा: 'जुना काढलेला रोल, अंदाजे वर्ष अमुक, सी-४१ नॉर्मल, पुश नको, निगेटिव्ह कापू नका, सगळ्या फ्रेम स्कॅन करा, कोऱ्या वाटल्या तरी.' शेवटचे तीन शब्द खाली रेघ मारून, कारण मशीनवरचा मुलगा पुसट फ्रेम कोरी समजून सोडून देतो. निगेटिव्ह परत आल्या की बटर पेपरच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या जुन्या अल्बममध्ये नको, पावसाळ्यात चिकटतात. त्या रोलमध्ये काय निघालं ते मात्र नक्की कळवा.